न टोचलेल्या सुया

उभ्या मराठवाड्यात आमच्या साडूभाऊंइतका खोटं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि इतकं खोटं बोलूनही ज्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून गोठ्यातलं जनावर सोडतात असा माणूस तर त्याहून सापडायचा नाही. आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे कसं काय? तर ऐका. दुसऱ्याबद्दल हा माणूस कधी खोटं बोलला नाही. बैल लंगडत असेल तर लंगडतोय म्हणणार, दात झिजले असतील तर घेणाऱ्याला बैलाचा जबडा उघडून दाखवणार. खोटं बोलायचे ते फक्त स्वतःबद्दल. भूक लागली का, दमलात का, आवडलं का, दुखतंय का, असल्या प्रश्नांना त्यांनी जन्मात खरं उत्तर दिलं नाही. त्यांच्या या खोडीपायी आम्ही सगळे आयुष्यभर हसलो. आणि त्याच खोडीपायी त्यांचा उजवा हात परत यायचा राहिला, हे आठवलं की माझं हसणं तिथल्या तिथं थांबतं.

आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरली त्यांची, धाकटी माझी. त्यांचं घर लातूरजवळच्या मुरुडला, थोडी शेती, आणि धंदा बैलबाजारातल्या दलालीचा. मी नांदेडला शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त होऊन घरातल्यांना शिकवत असतो, निदान आमची ही तरी असंच म्हणते. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही, हे मला साडूभाऊंमुळंच कळलं. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगतात. भोवती अख्खा बाजार लोटला तरी भाव त्या दोघांनाच कळतो. यात तोंडावर काही म्हणजे काही दिसता कामा नये. पटलेल्या भावाला तोंड वाकडं करायचं, न पटलेल्या भावाला आभाळाकडं बघायचं, आणि पहिल्या बोलीला काही झालं तरी हो म्हणायचं नाही. बाकीचे दलाल हे सगळं बाजारात करतात आणि घरी येऊन माणसात येतात. आमचे साडूभाऊ बाजार उठला तरी दलालच राहायचे. त्यांच्या खांद्यावर तांबड्या चौकड्यांचा भला मोठा रुमाल कायम असायचा, लग्नात असो की मयतीत.

लग्नाची गोष्ट निघालीच आहे तर त्यांच्याच लग्नाची सांगतो. आमची सासुरवाडी जळकोटची. तिथं हे मुलगी बघायला आले. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. साडूभाऊंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि लगेच भिंतीकडं नजर वळवली. म्हणाले, "भितीला ओल हाय." मग विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का ते विचारलं, दारातल्या म्हशीच्या शिंगांना नाव ठेवलं, दुसऱ्यांदा पोहे नको म्हणाले आणि उठून चालते झाले. आमच्या सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी यांचे वडील धापा टाकत हजर! "पोरगं कालपासून जेवलं न्हाई वं, तारीख कवाची धरायची तेवढं बोला." घ्या आता! मुलगी इतकी पसंत पडली होती की त्यांना भिंतीची ओल काढावी लागली. आक्का ही हकिकत हसून हसून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आजून बी मला पसंत हाय म्हणलेले न्हाईत."

जेवणाचंही तेच. आमच्याकडं नांदेडला आले की आमची ही पुरणाचा घाट घालायची. साडूभाऊ खाली मान घालून पोळीमागून पोळी संपवायचे आणि कशी झाली म्हणून विचारलं की हात धुता धुता म्हणायचे, "ठीक हाय." एकदा हिनं रागानं रिकामा डबा त्यांच्यापुढं उपडा करून दाखवला. तर म्हणाले, "डबा बी ठीक हाय." माणसांकडं बघायची त्यांची तऱ्हाही बाजारातलीच. माझा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे त्याचा चेहरा बघत होते, हे त्याची चाल बघत होते. नंतर मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "मास्तर, खांदा बळकट हाय. चालीला जरा हळू हाय, पर मारका न्हाई. देऊन टाका." जावई खरोखरच तसा निघाला. हळू आहे, पण मारका नाही.

त्याच जावयाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नात वऱ्हाडाचं मानपानावरून बिनसलं. नवऱ्या मुलाचा चुलता देगलूरकडचा, तापट माणूस. त्यानं हट्ट धरला, नवरदेव पारावरून हलणार नाही. वाजंत्री गप्प, भटजी घामाघूम, आणि मी तर हात जोडून जोडून थकलो. साडूभाऊ शांतपणे पुढं गेले, चुलत्याचा हात हातात घेतला आणि वरून रुमाल टाकला. चुलताही बैल ठेवणारा शेतकरी, त्याला लगेच उमगलं. हे झाडाच्या शेंड्याकडं बघतायत, तो चपलांच्या ढिगाकडं बघतोय, आणि रुमाल नुसता हलतोय. थोड्या वेळानं चुलता खदखदून हसला आणि ओरडला, "वाजवा रं!" काय ठरलं, कशावर तुटलं, आजतागायत मला कळलेलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ते रुमालाखालचं हाय, मास्तर. ते तिथंच ऱ्हाऊ द्या."

असा सगळा जीव त्या उजव्या हातात, आणि वारं गेलं ते नेमकं उजव्याच अंगावरून. त्या दिवशी सकाळपासून हाताला मुंग्या येत होत्या. आक्कानं विचारलं, "तोंड आसं का दिसायलंय?" तर म्हणाले, "काही न्हाई, ठीक हाय." तसेच बाजारात गेले. जळकोटचा एक दलाल आहे, यांचा जुना जोडीदार आणि जुना वैरी. त्याच्याशी एका खिलारी जोडीचा सौदा चालला होता. रुमालाखाली यांची बोटं ढिली पडली. समोरच्याला वाटलं, पठ्ठ्याला भाव पटला नाही. त्यानं भाव वाढवला. यांचं तोंड एका बाजूनं वाकडं व्हायला लागलं. जळकोटकर मनात म्हणाला, आता बरोबर, तोंड वाकडं केलं म्हणजे पटत आलं. त्यानं आणखी थोडा वाढवला. भोवतालची सगळी माणसं ते वाकडं तोंड बघत होती आणि मनातल्या मनात वाहवा करत होती. साडूभाऊ गुडघ्यावर बसले तेव्हा कुठं लोकांना कळलं की हा सौदा नव्हे. जळकोटकरानं स्वतःच्या जीपमध्ये घालून त्यांना लातूरला नेलं आणि वाटभर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. जरा सावरल्यावर साडूभाऊ ही गोष्ट ऐटीत सांगायचे, "वारं गेलं तवा बी मी भाव चढवला." आम्ही हसायचो. आक्का मात्र या गोष्टीला कधी हसली नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. जीभ जड झाली होती, ती सुटली. पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालायला लागले. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, पाय गेला असता तर चाललं असतं. बसून बी सौदा हुतो. हात पायजे." या माणसाच्या तोंडून 'पायजे' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.  मी उगाच पंख्याकडं बघत बसलो.

तेव्हाच कुणीतरी सांगितलं की नांदेडला एक बाई डॉक्टर ॲक्युपंक्चर करतात, लकव्याच्या पेशंटला सुया लावतात. लातूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जोडीला करायचं असेल तर करा. पण माझी एक गोळी चुकवायची नाही आणि व्यायाम एक दिवस सोडायचा नाही." झालं! साडूभाऊ आणि आक्का बोचकं बांधून आमच्या घरी राहायला आले.

बाई तशा कडक, पण बोलायला स्वच्छ. पहिल्याच दिवशी त्यांनी समोर बसवून सांगितलं, "काका, सुईनं लकवा बरा होत नाही. गोळ्या आणि व्यायाम हे मुख्य. सुई त्याला हातभार लावते, आणि तोही प्रत्येकाला लागतोच असं नाही. मला तुमच्याकडून फक्त एक गोष्ट हवी. सुई लागल्यावर काय वाटतं ते खरं सांगायचं. दुखलं तर दुखलं, मुंग्या आल्या तर मुंग्या, जड वाटलं तर जड. त्यावरच मी पुढं काय करायचं ते ठरवणार." साडूभाऊ जोरात मान हलवून म्हणाले, "हाव." परत येताना रिक्षात मी विचारलं, बाई कशी वाटली? म्हणाले, "ठीक हाय." तेवढ्यावरून मी ओळखलं की बाई त्यांना फार म्हणजे फारच आवडली.

मग रोज सकाळी आमची वरात निघायची. खाटेवर निजवायचं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधल्या मांसल भागात एक सुई, मनगटाच्या वर एक, कोपरापाशी एक, डोक्यात एकदोन, गुडघ्याखाली एक. केसाएवढ्या बारीक सुया त्या. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी घासाघीस सुरू केली, "बाई, डोसक्यातली एक कमी करा, त्याच्या बदली हाताला एक वाढवा." बाई म्हणाल्या, "काका, हा बाजार नाही." साडूभाऊंनी मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुया लावून झाल्या की बाई एकेक सुई हलक्या हातानं फिरवायच्या आणि विचारायच्या, "जाणवतंय?" साडूभाऊ छताकडं बघून म्हणायचे, "न्हाई." बाई दुसरी फिरवायच्या. "इथं?" "न्हाई." "जड? मुंग्या? काहीच नाही?" "काही न्हाई." त्यांचा चेहरा असा की दगडालाही त्यातून काही कळू नये. एकदा आमच्या हिला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. ती म्हणाली, "दाजी, दुखतंय का वं?" तर म्हणाले, "उकडायलंय." तेव्हा डिसेंबर होता, आणि मी अंगात स्वेटर घातला होता.

देवाशीही त्यांचा सौदा चालूच होता. आक्कानं माहूरच्या रेणुकेला नवस बोलायचं काढलं, हात येऊ दे, तुझ्या सगळ्या पायऱ्या चढून येते. साडूभाऊंनी तिला अडवलं. "एकदम समद्या पायऱ्या बोलू नगंस. आधी खण-नारळ म्हण. न्हाई ऐकलं तर मग पायऱ्या काढू. समदं एकदाच बोललीस तर पुढं वाढवायला काय ऱ्हाईल?" आक्का म्हणाली, "आवो, देवी हाय ती!" हे म्हणाले, "मग? देवीला काय भाव कळत न्हाई?" आमची ही हसून हसून खाली बसली. आक्कानं गुपचूप सगळ्या पायऱ्या बोलून टाकल्या, हे मला मागाहून कळलं.

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी बाईंनी सुया काढल्या, खुर्ची ओढून साडूभाऊंच्या शेजारी बसल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, "काका, इतके दिवस झाले, तुम्हाला काहीच जाणवत नाही म्हणता. तुम्हाला उगाच घरापासून लांब इथं ठेवून घेणं मला बरोबर वाटत नाही. सुया थांबवू या. व्यायाम मात्र सोडू नका." साडूभाऊ उठले. काठी घेतली आणि बाहेर निघाले. पण असे हळू, असे हळू! दोन पावलं टाकली की थांबायचे. दाराशी थांबले, पायरीवर थांबले, फाटकाशी चप्पल सरळ करत उगाच रेंगाळले. मला वाटलं, धक्क्यानं पायातलं बळ गेलं. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला. रिक्षा येऊन उभी राहिली तरी हे दवाखान्याच्या दाराकडं बघतच होते. आत पुढचा पेशंट गेला, दार लागलं. मग रिक्षात बसले.

मुरुडला गेल्यावर त्यांनी व्यायामही सोडला. आक्का फोनवर रडायची. गोळ्या तेवढ्या ती घशात कोंबायची म्हणून पोटात जायच्या. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि हात रुमालाखाली झाकून ठेवायचे. हिवाळा सरला, उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. बोटं हळूहळू तळव्याकडं वळत गेली आणि आखडली.

दसऱ्याच्या सुमारास मी आणि आमची ही मुरुडला गेलो होतो, त्याच दिवशी जळकोटकरही भेटायला आला. झाल्या प्रकारापासून तो तोंड चुकवत होता. आल्या आल्या त्यानं साडूभाऊंच्या पायाला हात लावला, मग त्यांचा तो आखडलेला उजवा हात हातात घेतला आणि वरून रुमाल ओढला. सौदा करायला नव्हे हो, नुसता मायेनं. जुन्या सवयीनं त्यानं बोट दाबलं असेल. एकदम तो ताठ झाला. पुन्हा दाबलं. आणि बाजारात ओरडतात तसा ओरडला, "आरं तिच्या! बोटं बोलायलीत की याची! मी भाव दिला तर यानं मला खालचा दिला!" आक्का चुलीपुढून धावत आली. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. जोर कसला त्या बोटांत, नुसती थरथर. पण जाणवत होतं. कुठलं बोट दाबलं, किती दाबलं, सगळं कळत होतं.

"कवापासून कळतंय?" आक्कानं विचारलं.

साडूभाऊ आढ्याकडं बघायला लागले.

"कवापासून वं?"

"नांदेडात व्हतो तवापासून."

"मग बाई रोज इचारायची तवा सांगितलं का न्हाई?"

साडूभाऊंनी तिच्याकडं असं बघितलं, की एवढं साधं हिला कसं कळत नाही. म्हणाले, "पयल्या बोलीला हाव म्हणत्यात व्हय?"

जळकोटकर खो खो हसला. मीही हसलो. हसता हसता एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. फाटकाशी रेंगाळत होते ते पाय गळाले म्हणून नव्हे. सौदा मोडला की दलाल हळूहळू चालायला लागतो, मागून कुणीतरी हाक मारील म्हणून. हा माणूस त्या दिवशी हाकेची वाट बघत होता. मी मास्तर माणूस, मला राग आला की मी वर्गात असल्यासारखा बोलतो. "अहो, डॉक्टर म्हणजे काय बैल घेणारं गिऱ्हाईक आहे का? ती तुमच्याकडून काय काढून घेणार होती?" साडूभाऊंनी ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, "मला भ्या वाटलं, मास्तर. थोडं आलंय म्हणलं असतं तर बाई म्हणली असती, आलं न्हवं, जा आता घरी. मला थोडं नगं व्हतं. समदा हात पायजे व्हता." यावर मला रागावता येईना. आक्का उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

आम्ही त्यांना पुन्हा नांदेडला आणलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ त्यांनी साडूभाऊंची बोटं एकेक करून उघडून बघितली, सोडली की ती पुन्हा मिटत होती. मग म्हणाल्या, "काका, तेव्हा सांगितलं असतं तर हात पूर्ण आला असता असं मी म्हणणार नाही. पण जाणवतंय म्हटल्यावर व्यायाम बदलला असता, जोर लावला असता, हात असा आखडू दिला नसता. त्या दिवसांत जे होतं ते नंतर तितकं होत नाही. आता जमेल तेवढं करू." आणि पहिली सुई लावून विचारलं, "जाणवतंय?"

साडूभाऊ म्हणाले, "हाव. दुखायलंय."

त्या दिवसापासून हा माणूस खरं बोलायला लागला. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. बाईंनी सुईला हात लावायच्या आधीच सांगायचे, "आता मुंग्या. आता जड. आता कोपरापतूर गेलं." बाई म्हणायच्या, "काका, अजून लावली नाही." घरी आल्यावर आमच्या हिला म्हणाले, "पोळी झ्याक झालीया." हिनं लाटणंच खाली टाकलं. मुरुडला परत गेल्यावर रस्त्यानं जाणाऱ्यानं रीतीप्रमाणं "काय, बरं हाय का?" म्हटलं की त्याला थांबवून सगळं सांगायचे, खांदा ठणकतोय, झोप लागत नाही, डाव्या हातानं घास घेताना लाज वाटते. लोकांना काय, चालता चालता विचारायची सवय. उत्तर ऐकायला उभं राहायची सवय नाही. हळूहळू लोक पलीकडच्या बाजूनं जायला लागले. हातात मात्र थोडीच सुधारणा झाली, पेला धरता येण्याइतकी, तीही पेला रिकामा असला तर. रुमालाखाली हात देण्याजोगं काही आलं नाही.

मग एक दिवस आक्काचा फोन आला. आवाज घाबरलेला. म्हणाली, "भावजी, तुमचे साडू आज मला म्हणले, तू माझं लई केलंस. भितीची ओल सांगून मी तुला पसंत केलं, पर तवाच म्हणाया पायजे व्हतं." मी म्हणालो, मग चांगलं आहे की. तर ती रडायलाच लागली. "चांगलं कसलं वं? ह्ये आसं कधी बोलल्याले न्हाईत. मला भ्या वाटायलंय. माणूस जायच्या आधी आसं बोलतंय म्हणत्यात. तुमी या एकदा."

मी गेलो. तब्येत म्हणाल तर ठीक होती, रक्तदाब ताब्यात होता, काठी घेऊन गावभर हिंडत होते. आक्काची मी समजूत काढली. दुपारी मला पोहोचवायला ते बसथांब्यापर्यंत आले. बाकावर शेजारी शेजारी बसलो. बाजाराचा दिवस होता. समोरून बैल घेऊन माणसं चालली होती. कुणी हटकलं तर साडूभाऊ डावा हात वर करायचे. ट्रॅक्टर आल्यापासून बाजार आता पहिल्यासारखा भरत नाही, पण घुंगरांचा आवाज अजून तेवढाच येतो. मला शांत बसवेना. शेवटी सगळे विचारतात तेच मी विचारलं, "साडूभाऊ, हात कसा आहे?"

त्यांनी आभाळाकडं बघितलं नाही, झाडाकडं बघितलं नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "येत न्हाई आता, मास्तर. बाईनं लई केलं. मीच घालवला. बाजाराचं आपलं संपलं."

इतकी वर्षं या माणसानं एकदा तरी खरं बोलावं म्हणून आम्ही त्यांच्या मागं लागलो होतो. आता बोलले तर मला ते सोसेना. वाटलं, नको हो, काहीतरी नाव ठेवा, ठीक हाय म्हणा, पण असं सरळ नका बोलू. माझं तोंड त्यांना दिसलं असणार. लोकांची तोंडं वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, मान वळवून रस्त्याच्या पलीकडं कुठंतरी बघितलं आणि म्हणाले, "येईल वं. न यायला काय झालं? उन्हाळ्यापतूर येतोय बघा."

मी म्हणालो, "हाव."

लातूरची बस आली. मी चढलो, खिडकीपाशी जागा मिळाली. बस निघाली तरी ते तसेच पलीकडं बघत बसले होते.